वेड्या बाभळीतले डोळे

आमच्या कंपनीच्या मंदूबच्या शेतावर रात्री काहीतरी येत होतं आणि शेळ्यांची करडं मारून जात होतं. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांमधली कामं करून आणणारा माणूस. आमचा मंदूब इथलाच, एमिराती, पन्नाशीचा, आणि हिंदी माझ्यापेक्षा सफाईने बोलणारा. हमरिया फ्री झोनमधल्या रंगाच्या कारखान्यात मी क्वालिटीचं काम बघते. एका सकाळी तो माझ्या लॅबमध्ये आला, हातातला बिनदुधाचा सुलेमानी चहा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, आपके पास वो बड़ा कैमरा है ना? चिड़िया वाला?"

कॅमेरा होता. शारजात अल मजाजला आम्ही राहतो, तिथे खालच्या लगूनच्या कडेने मी सुट्टीच्या दिवशी बगळ्यांचे आणि हिवाळी पाहुण्या पक्ष्यांचे फोटो काढत हिंडते. पण रात्रीचा फोटो मी आयुष्यात काढला नव्हता.

त्याचं शेत धैद गावाच्या पलीकडे, डोंगरांच्या बाजूला. शेताला लागून कोरडा ओढा आणि ओढ्यात काटेरी झाडोरा. खोकड, म्हणजे त्याच्या हिंदीत लोमडी, तिथूनच येते अशी त्याची खात्री होती. वाळूत त्याने पावलं पाहिली होती. इथे शिकारीला बंदी आहे, बंदूक काढायचा प्रश्नच नव्हता आणि त्यालाही ते नको होतं. नगरपालिकेचे लोक पिंजरे लावून द्यायला तयार होते, पण आधी जनावर कोणतं ते दाखवा म्हणाले. खोकड असेल तर पकडणार नाही, कुंपण नीट करा. त्याने दिव्याचा एक कॅमेरा खांबावर लावून पाहिला होता. दिव्याच्या उजेडात फक्त पतंग आले.

"आप बैठो एक रात," तो म्हणाला. "इन्शाल्ला फोटो मिल जाएगा, खलास."

रात्री जेवताना मी हे घरात सांगितलं. नवरा हसला. नववीतली मुलगी फोनवरची नजर न काढता म्हणाली, "मम्मा, इज दॅट ईव्हन लीगल?" आणि बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उचललेला घास परत ताटात ठेवला.

बाबा भंडारा-गोंदियाच्या जंगलांमध्ये रेंजर म्हणून निवृत्त झाले. सासूबाई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही त्यांना व्हिजिट व्हिसावर इकडे आणलं होतं. आल्यापासून ते खिडकीशी बसून खाली लगूनमधल्या बोटी बघायचे, नाहीतर टीव्हीवर मराठी बातम्या लावायचे. आवाज इतका मोठा, की शेजारच्या फ्लॅटमधली फिलिपिनो नर्स एकदा हसत हसत मला म्हणाली होती की आता तिलाही महाराष्ट्राचे मंत्री ओळखता येतात. माझं आणि त्यांचं नातं चांगलं होतं, पण चहा-पोळी-औषधांच्या पलीकडे आमच्यात बोलणं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांच्यासमोर मी खुर्चीत नीट बसत असे.

"किती करडं मारली?" त्यांनी विचारलं.

"चार-पाच म्हणाला."

"एकाच रात्री?"

"दोन एकाच रात्री. पण खाल्ली नाहीत, तशीच टाकून दिली म्हणे."

"मग खोकड नाही," बाबा म्हणाले. "खोकड इतकुसं जनावर. कोंबडी उचलेल, कबुतर उचलेल. दोन करडं मारून टाकून काहून जाईल?" आणि मग माझ्याकडे न बघता, "कधी जाऊन राहिली तू?"

नवऱ्याने त्यांच्या ब्लडप्रेशरची आठवण करून दिली, सापांची, थंडीची. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात लाल जिलेटीन कागद आहे का?" मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमधला उरलेला होता. तो दुहेरी करून त्यांनी टॉर्चच्या काचेवर रबर बँडने बसवला, दिवाणखान्याचे दिवे घालवले आणि भिंतीवर लाल गोल पाडला. "जनावराला हा उजेड नीट दिसत नाही," ते म्हणाले. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा होता.

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. धैद मागे पडलं, रस्ता अरुंद झाला, उंट दिसू लागले. शेताच्या फाटकाशी मंदूब पिकअपला टेकून उभा होता. अंगातला पायघोळ कंदुरा पांढराशुभ्र, आणि ऊदाच्या अत्तराचा वास दहा पावलांवरून येत होता. त्याने बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मी हाक मारते तसंच तोही त्यांना बाबा म्हणू लागला.

ओढ्याजवळ पोचल्यावर बाबा थबकले. वाळूत थोराड, झुकलेल्या फांद्यांची झाडं होती. इथे त्यांना घाफ म्हणतात, त्यांचं फार कौतुक आहे. बाबांनी एक डहाळी ओढून पानं चोळली, शेंगेचा वाळका तुकडा दातांखाली धरला. "ही शमी आहे," ते म्हणाले. "दसऱ्याला पुजतो ती." मग पलीकडच्या दाट, काटेरी, हिरव्या गुंत्याकडे बोट केलं. "आणि ही वेडी बाभूळ. ही बया इथेही पोचली." इतकी वर्षं या देशात राहून मला ही झाडं म्हणजे नुसता 'डेझर्ट' वाटत होती. त्या दुपारी पहिल्यांदा कुणीतरी माझ्या भाषेत त्यांची नावं घेतली.

बाभळीच्या गुंत्यात माणूस उभा शिरूच शकत नव्हता. खालून मात्र बोगद्यांसारख्या वाटा होत्या, गुडघ्याएवढ्या उंचीच्या. बाबा खरोखर गुडघ्यांवर बसले आणि वाकून आत बघितलं. "येणं-जाणं आहे," ते म्हणाले. कुंपणाची जाळी एका कोपऱ्यात पावसाच्या पाण्याने उचलली होती, तिथे खालून सहज शिरता येत होतं. माती वाऱ्याने इतकी फिरली होती की पावलं म्हणून नुसते खळगे उरले होते.

मग त्यांनी मला बसायचं कसं ते शिकवलं. पाठ झाडाला किंवा भिंतीला लागलेली हवी, म्हणजे आपली आकृती आकाशावर उमटत नाही. वारा आपल्या तोंडावर हवा, पाठीवर नको. अत्तर नाही, साबणाचा वास नाही. हे ऐकून मंदूबने स्वतःचीच बाही हुंगली आणि निमूटपणे पिकअपमध्ये, फाटकापाशी, काचा लावून बसायचं कबूल केलं. "आणि डोळे चमकले की टॉर्च त्यांच्यावर रोखायचा नाही," बाबा म्हणाले. "प्रकाश थोडा वर धरायचा. झोताच्या खालच्या कडेने त्याला न्हाऊ घालायचं."

ती पहिली रात्र पूर्ण फसली. मी टॉर्च फिरवला आणि पाहिलं तर जमीनभर डोळे होते. बारीक, चकाकणारे, दहा-वीस-पन्नास. मी बाबांचा हात धरला. सून म्हणून मी याआधी फक्त नमस्कार करताना त्यांच्या पायांना हात लावला असेल. त्यांनी वाकून बघितलं आणि त्यांच्या छातीत हसू घुमलं. "कोळी आहेत ते. वाळूतले कोळी. त्यांचेही डोळे चमकतात." मी जवळ जाऊन पाहिलं, खरंच, नखाएवढा कोळी पाय पसरून बसला होता. मला हसूही येईना, इतकं ते विलक्षण होतं.

त्यानंतर बाबांनी हाताची मागची बाजू ओठांना लावून हवा आत ओढली. चिमटीत सापडलेल्या उंदरासारखा चिरका आवाज निघाला. जखमी सशाचा आवाज, ते म्हणाले. शिकारी जनावर भुकेलं असेल तर यायलाच पाहिजे. आम्ही वाट पाहिली. थंडी चढत गेली. आणि मग आमच्या मागून, अगदी मागून, तीनदा खरखरीत भुंकल्यासारखा आवाज आला. मी वळले. बाबा समोरच बघत होते.

"बाबा, मागे," मी पुटपुटले.

"काय मागे?"

"ओरडलं ना काहीतरी. आत्ता. तीनदा."

थोड्या वेळाने तो आवाज पुन्हा आला, जरा लांबून, आणि पुन्हा त्यांनी मान हलवली नाही. वारा आता माझ्या मानेवर लागत होता. संध्याकाळी तो समुद्राकडून येत होता, रात्री उलटून डोंगरांकडून यायला लागला होता. आम्ही दोघं आपला वास थेट बाभळीत पाठवत बसलो होतो, आणि येणारं जनावर कधीच आमच्यामागून फिरून, आम्हाला शिव्या देऊन निघून गेलं होतं. वाऱ्याचं उलटणं बाबांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या जंगलात वारा असा वागत नसे.

परतताना गाडी मी चालवत होते. धैद आल्यावर मी म्हटलं, "बाबा, तो आवाज तुम्हाला ऐकू आला नाही ना?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. म्हणाले, "तुझ्या सासूने सांगितलं होतं. मला वाटे, ती चिडली म्हणून म्हणते." मग आणखी काही किलोमीटर गेल्यावर, "रातकिडे आहेत का इथे?"

"आहेत. भरपूर."

"हं," ते म्हणाले. आपण बोलायला नको होतं की काय, या विचाराने मी अस्वस्थ झाले. पण सकाळी मी उठले तेव्हा ते स्वयंपाकघरात उभे होते. "तो आवाज तू शिक," ते म्हणाले. "मला माझा काढलेला ऐकू येत नाही, तर तो बरा निघतो की वाईट हे कसं कळणार? तुझे कान चांगले आहेत."

तो आठवडा मी हाताची मागची बाजू चोखत काढला. भाजी चिरताना, पार्किंगमध्ये, लिफ्टमध्ये कुणी नसलं तर. सुरुवातीला फुग्यातून हवा गेल्यासारखं व्हायचं. मग एका रात्री बाल्कनीत अचानक तो आवाज नीट जमला, आणि खालच्या मजल्यावरचं मांजर कठड्यावर उडी मारून वर बघू लागलं. मी आत धावत जाऊन सगळ्यांना सांगितलं. मुलगी म्हणाली, "मम्मा, प्लीज डोन्ट डू धिस व्हेन माय फ्रेंड्स आर हिअर." बाबा मात्र उठून बाल्कनीत आले, वाकून त्या मांजराकडे बघितलं आणि म्हणाले, "आलं म्हणजे बरोबर आहे."

ऐकण्याची अडचण होती, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. माझा लाल दिवा एकदा लुकलुकला तर काहीतरी आलं आहे. दोनदा लुकलुकला तर हलू नका.

दुसऱ्या खेपेला आम्ही जागा बदलली. मी टाल्कम पावडरची छोटी बाटली बरोबर नेली होती, वास नसलेली शोधून आणलेली. अधूनमधून चिमूटभर हवेत सोडायची आणि ती कुठे वाहते ते बघायचं. डोंगराकडचा वारा सुरू होईपर्यंत आम्ही तोंडातून आवाज काढला नाही. मग पाण्याच्या टाकीच्या भिंतीला पाठ लावून मी पहिला चित्कार केला. थांबले. पुन्हा केला, जरा केविलवाणा. मान न हलवता दिवा सावकाश फिरवला, बाभळीच्या कडेने, डावीकडून उजवीकडे.

दोन डोळे. कोळ्यांसारखे स्थिर नव्हते, जमिनीलगत तरंगत येत होते. थांबले, विझले, पुन्हा दहा हात पुढे पेटले. मी दिवा एकदा लुकलुकवला. बाबांनी बोट उचललं, म्हणजे त्यांनी आधीच पाहिलं होतं.

ते उघड्यावर आलं आणि मी आयुष्यातलं पहिलं खोकड पाहिलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच लहान, आणि सुंदर. मोठाले कान, बारीक पाय, शेपटी धुरासारखी मागे तरंगणारी. ते थेट माझ्याकडे आलं, खोलीभर अंतरावर बसलं आणि मान वाकडी करून बघत राहिलं, की इथे ससा कुठे आहे. मी श्वास घेत नव्हते. त्याच्या मिशा दिसत होत्या. फोटो काढायचा हे मला आठवलंच नाही. मग ते उठलं, करडांच्या गोठ्यावरून आतल्या शेळ्यांकडे ढुंकूनही न बघता गेलं, गळक्या नळाखाली पाणी प्यालं, कबुतरांच्या खुराड्याला एक फेरी घातली आणि आलं तसं बाभळीत विरघळलं.

मी उठून उड्या मारल्या. खरंच मारल्या, सासऱ्यांसमोर, एका जबाबदार बाईने. "पाहिलंत? पाहिलंत ना? माझ्या आवाजावर आलं."

"पाहिलं," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे लाल दिव्यात ओले दिसत होते. "असं समोर येऊन बसलेलं मी नोकरीतसुद्धा दोनदाच पाहिलं."

मंदूबला काही ते पटलं नाही. खोकड शेळ्यांकडे बघत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मॅडम, ये बहुत चालाक है. आपको देख लिया, इसलिए शरीफ बन गई." आणि त्याच आठवड्यात त्याचं आणखी एक करडू मेलं. या वेळी त्याने ते पुरलं नाही. बाबांना व्हिडिओ कॉल करून दाखवलं. बाबांनी फोन डोळ्यांजवळ धरून पाहिलं. मागच्या पायांना चावे, पोटाला चावे, जागोजाग. "एकट्याचं काम नाही," ते म्हणाले. "टोळी आहे." कसली, ते त्यांनी सांगितलं नाही.

तिसऱ्या रात्री चंद्र नव्हता. बाबा जाळी उचललेल्या कोपऱ्यापाशी, घाफच्या बुंध्याशेजारी घडीच्या खुर्चीवर बसले. तिथून बाभळीतून जाळीकडे येणारी वाट त्यांना समोर दिसत होती, जाळीखालची फट मात्र जरा मागे, कुशीला राहत होती. शेजारी काठी आणि मेथीच्या पराठ्यांची पिशवी. मी गोठ्याच्या भिंतीशी, त्यांच्यापासून बरीच लांब. मंदूब पिकअपमध्ये. बसण्याआधी बाबा माझ्याजवळ येऊन म्हणाले होते, "पळायचं नाही. काहीही झालं तरी पळायचं नाही. जनावर समोर असेल तर तोंड त्याच्याकडे ठेवायचं."

मी आवाज काढला आणि आमचं खोकड लगेच आलं, ओळखीच्या पाहुण्यासारखं. पण अर्ध्या वाटेत थांबलं. त्याचे कान माझ्याकडून वळले, कुंपणाबाहेर, घाफच्या मागच्या बाजूला. पुढच्या क्षणी ते तिथे नव्हतं. पळताना दिसलंसुद्धा नाही.

मी दिवा तिकडे नेला. डोळ्यांची एक जोडी. मग आणखी एक. मग तीन-चार एकदम. हे डोळे जमिनीलगत नव्हते, माणसाच्या गुडघ्याच्या वर होते आणि तरंगत नव्हते, चालत होते. कुत्री. मोठी, बेवारस, रानटी झालेली कुत्री, एकाच्या मागे एक, आवाज न करता. गावातली कुत्री भुंकतात. ही भुंकत नव्हती. आणि ती बाबांना अपेक्षित होतं तशी समोरच्या वाटेने येत नव्हती, कुंपणाच्या कडेने त्यांच्या पाठीमागून येत होती.

मी कॅमेरा लावला आणि बटण दाबत राहिले. फोटोसाठीच आम्ही आलो होतो. पुढचं कुत्रं फिकट रंगाचं, रुंद डोक्याचं. जाळीखालून आत आलं, आणि बाबांच्या खुर्चीमागे थांबलं. पराठ्यांच्या पिशवीकडे त्याने नाक नेलं. त्याचं धापणं मला इतक्या लांबून ऐकू येत होतं. बाबांना येत नव्हतं. ते शांतपणे समोर, रिकाम्या वाटेकडे बघत होते.

मी दिवा दोनदा लुकलुकवला. ठरल्याप्रमाणे त्यांनी हलणं बंद केलं. अगदी दगडासारखे बसले. तेव्हा मला कळलं की ही खूण आत्ता चुकीची आहे आणि दुसरी कुठली खूण आमच्याकडे नाही. बाकीची कुत्री एकेक करून आत शिरत होती. शेळ्यांनी ओरडायला सुरुवात केली.

मी लाल कागद फाडला, उभी राहिले, पांढरा झोत थेट त्या कुत्र्याच्या तोंडावर टाकला आणि ओरडले, "बाबा, मागे बघा." आणि चालायला लागले, त्यांच्याकडे. पळत नव्हते. पाय पळायचं म्हणत होते, मी चालत होते, आणि मोठमोठ्याने काहीबाही ओरडत होते, त्यात यल्ला, हट, चल निघ असं सगळं होतं.

बाबांनी सावकाश मान वळवली. कुत्रं त्यांच्या हाताच्या अंतरावर होतं. ते दचकले नाहीत. खुर्चीवरून उठले, पूर्ण उंचीने उभे राहिले, काठी वर धरली आणि अशी आरोळी ठोकली की माझ्याच अंगावर काटा आला. हा माणूस टीव्हीसमोर पांघरूण घेऊन बसतो, हे कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. दोन-तीन कुत्री मागे सरली. फिकट मात्र हललं नाही, दात दाखवून उभं राहिलं. तेवढ्यात फाटकाकडून पिकअपचे दिवे पेटले, हॉर्न वाजू लागला आणि मंदूब भाजीच्या वाफ्यांमधून सरळ गाडी घेऊन आला. तेव्हा ती सगळी जाळीखालून एकमेकांना ढकलत बाहेर पडली, आणि बाभळीत फांद्या मोडल्याचा आवाज लांब जात राहिला.

"काहून ओरडली इतकी?" बाबा मला म्हणाले. "मी पाहिलं असतं ना."

मी टॉर्च खाली केला. त्यांच्या खुर्चीच्या मागच्या पायांना लागून दवाने ओल्या झालेल्या वाळूत पंजे उमटले होते, माझ्या हाताएवढे. पराठ्यांची पिशवी गायब होती. बाबांनी ते पंजे बराच वेळ पाहिले. मग परत खुर्चीत बसले आणि चहा मागितला. मंदूब आळीपाळीने आम्हा दोघांच्या डोक्यांवरून हात फिरवत होता. चहा संपवून बाबा म्हणाले, "कानाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घे. या आठवड्यातलीच."

फोटो धुरकट, दाणेदार आले होते, पण चार कुत्री स्पष्ट मोजता येत होती. नगरपालिकेच्या माणसांनी ते पाहिले आणि ओढ्याच्या तोंडाशी मोठे पिंजरे लावले. पुढच्या काही दिवसांत एकेक करत टोळी सापडली. फिकट कुत्रं शेवटी. त्याला न्यायच्या सकाळी आम्ही तिथे होतो. दिवसा ते इतकं मोठं नव्हतं. बरगड्या दिसत होत्या, आणि मानेभोवती केस झडून पट्ट्याची गोल खूण राहिली होती. कुणाचं तरी राखणीचं कुत्रं, मालक निघून गेल्यावर मागे राहिलेलं. माणसांनी पिंजरा उचलला तेव्हा ते पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसलं आणि आमच्याकडे बघून शेपटी एकदाच हलवली. मंदूब तोंड फिरवून फोनमध्ये काहीतरी शोधू लागला. त्या कुत्र्यांना निवाऱ्यात नेणार आहेत असं सांगितलं गेलं, आणि मंदूबने नंतर दोनदा फोन करून त्याची खात्री करून घेतली.

जाळी त्याने हातभर खोल पुरून घेतली. करडं वाचली. खोकडाचं नाव मात्र आता तो 'मेरी लोमड़ी' असं घेतो आणि पाहुण्यांना दाखवायला नेतो. ती येत नाही, ते वेगळं. त्याला कितीदा सांगितलं तरी तो अत्तर लावूनच जातो.

बाबा कानाचं यंत्र घेऊन उन्हाळ्याआधी परत गेले. यंत्र बसवल्याच्या पहिल्या दिवशी त्यांनी फ्रिज बंद करायला लावला होता, इतका आवाज करतो म्हणून. आता आमचं रोज बोलणं होतं, आणि त्यात औषधांचा विषय शेवटी येतो.

मी जात राहिले. नवरा कधी येतो, गाडीत झोपतो. गेल्या हिवाळ्यात डोंगराच्या पायथ्याशी, मंदूबच्या भावाच्या जागेत मी एकटीच लपण धरून बसले होते. लपण म्हणजे आडोसा, हाही बाबांचाच शब्द. आवाज काढून बराच वेळ झाला होता, आता उठावं असं वाटत होतं, तेव्हा खडकावरून एक मांजर उतरलं. मी आधी मांजरच म्हणाले मनात. मग त्याचे पाय पाहिले, लांब, आणि चाल पाहिली. गावातलं मांजर तसं चालत नाही. ते माझ्यासमोरून एका दगडावरून दुसऱ्यावर गेलं, एकदा बघितलं आणि कड्याआड झालं. सगळं मिळून दोन श्वासांचा खेळ.

उजाडल्यावर मी भंडाऱ्याला फोन लावला.

"शेपटी कशी होती?" बाबांनी विचारलं.

"जाड. टोकाला काळी. त्याच्याआधी काळी कडी, दोन किंवा तीन."

"आणि कानाच्या मागे लाली?"

"लाल उजेडात ते कसं कळणार, बाबा?"

"हो, तेही खरंच." पलीकडे त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "रानमांजर असेल. तिकडे दुर्मीळ आहे म्हणतात. नसेलही, शेतावरच्या मांजराशी मिसळलेलं असेल. वारा कुठून होता?"

मी सांगू लागले, आणि ते मध्ये मध्ये विचारत राहिले.